परक्यांना लळा लावणारी गावे : पणजीच्या फोंतेन्हासवरून काही विचार

स्थलांतर हा विषय आपल्या भूगोलाच्या आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकांत पुष्कळ विस्ताराने येतो. दुष्काळात गाव सोडणारा कोरडवाहू शेतकरी, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबे, पदवी हातात पडताच पुण्या-मुंबईची गाडी धरणारा तरुण, या सर्वांची कारणमीमांसा आपण उत्तरपत्रिकेत लिहितो. या स्थलांतरांच्या मुळाशी पोट असते. परंतु ज्याच्या मुळाशी पोट नाही असेही एक स्थलांतर आहे आणि त्याच्या वाट्याला पाठ्यपुस्तकात फार तर एखादा परिच्छेद येतो. नोकरी संपली, मुले मार्गी लागली, निवृत्तिवेतन सुरू झाले. आता उरलेली वर्षे कोठे काढावीत? हा प्रश्न पडलेली माणसे कधी कधी, जेथे आपला गणगोत नाही, जेथील भाषाही धड येत नाही, अशा एखाद्या जुन्या गावात जाऊन राहतात. त्याच गावात दोन दिवसांसाठी प्रवासीही गर्दी करतात. असे गाव परक्यांना का आवडते, आणि आवडल्यावर त्या गावाचे काय होते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विचाराला निमित्त झाले ते पणजीचे. गेल्या वर्षी आमच्या वर्गाची शैक्षणिक सहल गोव्यास गेली होती. इतर मंडळी मिरामारच्या किनाऱ्यावर रमली असता मी आणि माझा एक मित्र दोन दिवस सकाळ-संध्याकाळ फोंतेन्हास या जुन्या वस्तीत हिंडत होतो. निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस आपल्या स्टेशनावरून जाते. त्यामुळे गोवा आपल्याला निदान नावाने तरी परिचयाचा आहे. परंतु पणजी हे राजधानीचे शहर आपल्या चाळीसगावच्या निम्म्याहूनही लहान आहे, हे मला तेथे गेल्यावर समजले. २०११ च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या सुमारे ४० हजार होती आणि आपली सुमारे ९७ हजार. तेव्हा 'एवढ्याशा गावात कोण येणार?' हे आपल्याकडे नेहमी ऐकू येणारे वाक्य फारसे खरे नसावे.

फोंतेन्हासचा इतिहास समजून घ्यावयाचा तर आधी पणजीचा थोडक्यात पाहिला पाहिजे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला त्या वेळी मांडवीच्या काठी आदिलशहाचा वाडा होता, भोवती कोळ्यांची आणि कुळवाड्यांची वस्ती, दलदल आणि माड. राजधानी पूर्वेला, आज ज्याला जुने गोवे म्हणतात तेथे, होती. वारंवार येणाऱ्या साथींनी ती राजधानी हळूहळू ओस पडली. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीच्या त्याच आदिलशाही वाड्यात हलविला. पुढे १८२६ ते १८३५ या काळात दोम मान्युएल द पोर्तुगाल ई काश्त्रु या व्हाइसरॉयने दलदलीत भराव टाकून रस्ते आखले आणि १८४३ मध्ये 'नोव्हा गोवा' या नावाने पणजी अधिकृत राजधानी झाली.

आल्तिन्यो नावाची टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी आहे तीच फोंतेन्हास. नावाचा अर्थ 'लहान झरे' असा होतो. टेकडीच्या पायथ्याशी एक झरा आहे, त्यावरून ते पडले. ही पट्टी म्हणजे मुळात एक माडांचे बन होते आणि त्याचा मालक अंतोनियो जुआंव द सिक्वेरा हा मूळचा गोवेकर होता. आफ्रिकेत मोझांबिक येथे पैसा मिळवून तो गोव्यास परतला. लोक त्याला 'मोस्मीकार' म्हणत. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. परदेशात कमावून उतारवयात गावी परतलेला मनुष्य हा या वस्तीचा आद्य पुरुष होय. निवृत्त लोक फोंतेन्हासमध्ये आज नव्याने येऊ लागले आहेत असे कोणी म्हणेल तर ते बरोबर नाही. आरंभच तेथून आहे. पुढे बागेच्या जागी घरे झाली आणि सरकारी कचेऱ्यांतील अधिकारी, कारकून, छोटे व्यापारी तेथे राहू लागले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. फोंतेन्हासला 'युनेस्को'ने वारसास्थळ म्हणून घोषित केले आहे, असे वाटाडे सांगतात आणि पुष्कळ माहितीपत्रकांतही तसे छापलेले आढळते. वस्तुतः १९८६ साली जागतिक वारसा यादीत गेली ती जुन्या गोव्यातील चर्चे आणि मठ. फोंतेन्हास त्या यादीत नाही. शहर-नियोजनात ते जतन करावयाचे क्षेत्र मानले जाते, एवढेच. यादीत नसतानाही लोक येतात, म्हणजे लोकांना ओढणारी गोष्ट यादीबाहेरची आहे.

ती गोष्ट कोणती? घरे पाहू लागलो की पहिला ठसा रंगाचा उमटतो. पिवळा, निळा, गेरूसारखा तांबडा, हिरवा. दारा-खिडक्यांच्या चौकटीला पांढरी किनार. पोर्तुगीज अमदानीत पावसाळा संपला की प्रत्येकाने घर रंगवावे असा दंडक होता आणि पूर्ण पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे, असे तेथील लोक सांगतात. भिंती जांभ्या दगडाच्या, त्यावर चुन्याचा गिलावा. वर मंगळुरी कौले. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या घासून पातळ केलेल्या चकत्या लाकडी पट्ट्यांत बसविलेल्या असतात. त्यांतून ऊन आत येते, पण ऊन म्हणून येत नाही, दुधासारखे मऊ होऊन येते. वरच्या मजल्याला लोखंडी कठड्याची गॅलरी. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या दोन गॅलऱ्यांतील बायका आवाज न चढवता बोलू शकतील. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवीत जातो. सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलमधील क्रूसावरील ख्रिस्ताचे डोळे मिटलेले नाहीत, उघडे आहेत. हा क्रूस मूळचा जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातला. ते धर्मन्यायालय १८१२ मध्ये बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि १९१८ साली या चॅपेलमध्ये. ज्यांच्यापुढे लोकांना शपथा घालीत ते डोळे आज शेजारच्या मुलांचे क्रिकेट पाहतात.

हे सर्व सुंदर आहे यात शंका नाही. परंतु सौंदर्य टिकले कसे, हा भूगोलाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. माझ्या मते ते जपले कोणी नाही. ते राहून गेले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर पणजी वाढली ती पश्चिमेला कांपाल-मिरामारकडे आणि आल्तिन्योच्या माथ्यावर. खाडीकाठची ही सखल पट्टी बिल्डरांना आरंभी मोहाची वाटली नाही. शिवाय कायद्याचाही भाग आहे. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला. त्याप्रमाणे आई-बापाला सगळी मालमत्ता एकाच मुलाला लिहून देता येत नाही. निम्मा हिस्सा मुलांचा राखीव असतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. मुलीच्या दृष्टीने हा न्याय फारच चांगला आहे आणि तो आपल्याकडे यावयास १९५६ आणि २००५ ची दुरुस्ती इतका काळ लागला. परंतु घराच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा झाला की तीन पिढ्यांनंतर एका घराचे पंधरा-वीस धनी होतात. एक लिस्बनला, एक टोरांटोला, दोघे मुंबईला. सर्वांच्या सह्या झाल्याशिवाय घर विकता येत नाही, पाडता येत नाही आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा हेही ठरत नाही. म्हणून घर उभे राहते आणि कुलूपबंद राहते.

श्रीमंतीने बांधलेली आणि नंतरच्या अडचणीने जपलेली अशी गावे जगात इतरत्रही आहेत. त्यांतले सर्वांत बोलके उदाहरण मेक्सिकोमधील सान मिगेल दे आयेंदे हे होय. फोंतेन्हासचे पुढे काय होईल याचा अंदाज घ्यावयाचा तर या गावाकडे पाहिले पाहिजे, कारण ते या वाटेवर आपल्या पुष्कळ पुढे गेलेले आहे.

गोव्याप्रमाणेच हेही आयबेरियन सत्तेने वसविलेले गाव. मात्र पोर्तुगीजांचे नव्हे, स्पॅनिशांचे. १५४२ मध्ये हुआन दे सान मिगेल या फ्रान्सिस्कन साधूने ते वसविले. उत्तरेकडील खाणींतून चांदी मेक्सिको शहराकडे जाई त्या राजमार्गावर ते होते. अठराव्या शतकात तेथे पैसा आला, वाडे आणि चर्चे झाली. स्वातंत्र्ययुद्धाचा एक नायक इग्नासियो आयेंदे तेथलाच. त्याचे नाव १८२६ मध्ये गावाला जोडले गेले. पुढे चांदीचा व्यापार ओसरला आणि गाव निपचित पडले. नवे बांधावयास पैसा नाही म्हणून जुने पाडले गेले नाही. १९२६ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने त्याला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. गावाची ओळख बनलेला गुलाबी दगडाचा उंच चर्चदर्शनी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे. सेफेरिनो गुतिएरेस नावाच्या स्थानिक गवंड्याने युरोपातील चर्चांची चित्रे पाहून तो उभारला असे सांगतात. शास्त्राप्रमाणे त्यात पुष्कळ दोष काढता येतील. पण आज जगभरच्या चित्रांत तोच दिसतो.

परके लोक तेथे गेले ते मात्र दगड पाहावयास नव्हेत. १९३७ साली स्टर्लिंग डिकिन्सन नावाचा तरुण अमेरिकन चित्रकार तेथे आला आणि राहिला. पुढच्याच वर्षी फेलिपे कोसिओ देल पोमार या पेरूच्या चित्रकाराने एका जुन्या मठात कलाशाळा काढली आणि डिकिन्सन तिच्या कामाला लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सरकारने परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी पैसे दिले. त्या पैशांत अमेरिकेत जेमतेम भागे, सान मिगेलमध्ये मनुष्य घर भाड्याने घेऊन राहू शके. १९४८ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने या शाळेवर सचित्र लेख छापला आणि विद्यार्थ्यांची रीघ लागली. त्याच सुमारास सिकेरोस हा थोर भित्तिचित्रकार तेथे शिकवावयास होता. त्याचे अर्धवट राहिलेले भित्तिचित्र त्या मठात अजून आहे. विशीत तेथे चित्रे काढावयास आलेल्यांपैकी काही जण साठीनंतर राहावयास आले, त्यांनी आपले मित्र आणले, मित्रांनी त्यांचे मित्र. म्हणजे क्रम असा दिसतो : आधी शाळा, मग विद्यार्थी, मग निवृत्त, आणि प्रवाशांची खरी लाट शेवटी. २००८ मध्ये 'युनेस्को'च्या यादीत नाव आले ते त्यानंतर.

हवा आणि स्वस्ताई ही दोन कारणे नेहमी सांगितली जातात. सान मिगेल समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. हवा कोरडी आणि सौम्य. डॉलरमधील निवृत्तिवेतन तेथे अधिक पुरते हेही खरे. परंतु पणजीची हवा दमट, पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि स्वस्ताई तर तेथे राहिलेलीच नाही. तरी दिल्ली-मुंबईचे निवृत्त लोक गोव्यात घरे घेतातच. उलट चाळीसगावात घरभाडे, भाजी, दूध सगळेच पुण्याहून स्वस्त. पण पुण्याचा पेन्शनर येथे राहावयास आल्याचे मी ऐकलेले नाही. तेव्हा स्वस्ताई आणि हवा ही कारणे पुरी पडत नाहीत.

सान मिगेलविषयी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. तेथील परदेशी म्हाताऱ्यांना करावयास काहीतरी आहे. त्यांनी उभारलेले द्विभाषी सार्वजनिक ग्रंथालय आहे, चित्रकलेचे आणि भाषेचे वर्ग आहेत, गावातील मुलांच्या शिष्यवृत्तीची कामे आहेत. शिवाय सर्व गाव पायी हिंडता येते आणि गावाच्या मध्ये झाडांचा चौक आहे, जेथे विनाकारण बसले तरी कोणी 'काय काम आहे?' असे विचारीत नाही. साठी उलटलेल्या माणसाला नुसते घर पुरत नाही. त्याला रोज सकाळी जाण्यासारखे एक ठिकाण आणि नावाने हाक मारणारी चार माणसे लागतात.

आता नाण्याची दुसरी बाजू. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेप्रमाणे किनाऱ्यापासून ५० आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परकीयांना थेट जमीन घेता येत नाही. सान मिगेल देशाच्या मध्यावर असल्याने तेथे ही आडकाठी नाही. परिणामी गावाच्या मध्यभागातील वाडे डॉलरवाल्यांकडे गेले, किमती चढल्या आणि मूळचे लोक बाहेरच्या वस्त्यांत राहावयास गेले. ते रोज सकाळी आपल्याच गावात कामाला येतात. आपल्या देशात परकीय नागरिकांना अशी सहज मालमत्ता घेता येत नाही, आणि गोव्यापुरते ते हिताचे झाले असे म्हणावेसे वाटते. परंतु देशातल्या देशात पैशाची उंची सारखी नाही. म्हापशाच्या कारकुनाच्या दृष्टीने दिल्लीचा निवृत्त उद्योगपती हाही डॉलरवालाच होय.

फोंतेन्हासमध्ये एका घराच्या दाराबाहेरील दगडी बाकावर, ज्याला तेथे बाल्कांव म्हणतात, एक आजी बसल्या होत्या. मित्राने विचारले, "आंटी, फोटो काढू का?" त्या म्हणाल्या, "घराचो काड पुता, म्हजो नाका." मग आम्ही फोटो काढला नाही आणि त्यांच्याशी बोलत उभे राहिलो. त्यांचे मराठी कोकणी वळणाचे होते, आमचे खानदेशी; पण अडले नाही. त्यांनी सांगितले, पूर्वी संध्याकाळी प्रत्येक घरातून तेर्साचा, म्हणजे प्रार्थनेचा, आवाज येई. कोणत्या घरात कोण आजारी आहे हे आवाजावरून कळे. आता शेजारच्या तीनपैकी दोन घरांत पाहुणे राहतात, दर शुक्रवारी निराळे. रात्री चाकांच्या बॅगा फरशीवरून खडखडत जातात. लग्न ठरलेली जोडपी त्यांच्या पायरीवर बसून फोटो काढून घेतात आणि त्यांनाच 'जरा आत व्हाल का?' असे सांगतात. हे सांगताना त्या रागावल्या नव्हत्या, हसत होत्या. आजूबाजूच्या काही दारांवर फोटो काढू नयेत अशा पाट्या लावलेल्या आम्ही पाहिल्या.

मी विचारले, "मग पाहुणे येणे बंद झाले तर बरे होईल?" त्यावर त्या गप्प झाल्या. कोपऱ्यावरचे घर त्यांनी बोटाने दाखविले. ते वीस वर्षे कुलूपबंद होते, कौले आत पडली होती, वडाचे रोप भिंतीतून निघाले होते. आता तेथे खानावळवजा हॉटेल झाले आहे आणि छप्पर धड आहे. पलीकडचे, ज्याच्यावर कोणाची नजर गेली नाही, ते गेल्या पावसाळ्यात बसले. या दोन्हींपैकी काय बरे, हे त्यांना सांगता येईना. खरे म्हणजे मलाही सांगता येत नाही. एवढे मात्र दिसते की प्रवासी ज्यासाठी येतो, ती गॅलरीत वाळणारी चादर, पाववाल्याची हाक, दारातली आजी, ते सर्व राहणाऱ्या माणसांचे आहे. राहणारे गेले की रंग तेवढे उरतील. आणि रंग काय, कोठल्याही हॉटेलाला देता येतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. चाळीसगावला पोर्तुगीज घरे नाहीत, खाडी नाही; कोणी म्हणेल तुलनाच अप्रस्तुत. परंतु परक्याला येथे लळा लागल्याचे एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. केकी मूस हे पारशी गृहस्थ १९१२ मध्ये मुंबईत जन्मले, इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेतले, आणि मुंबई-लंडन दोन्ही मोकळ्या असता स्टेशनाजवळच्या दगडी बंगल्यात येऊन राहिले. १९८९ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले. तोवरच्या सुमारे पन्नास वर्षांत ते घराबाहेर क्वचितच पडले. टेबलावर कापूस, वाळू, काटक्या अशा साध्या वस्तूंची रचना करून त्यांतून निसर्गदृश्याचा आभास देणारी त्यांची छायाचित्रे देशाबाहेर गाजली. बंगल्यात आज त्यांचे कलासंग्रहालय आहे. आपल्यापैकी किती जण ते आतून पाहून आले आहेत?

आणि सान मिगेलचा 'आधी शाळा' हा क्रम पाहिला की मला पाटण आठवते. पाटणादेवीच्या देवळातील शिलालेख शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला आणि यादवांचे मांडलिक निकुंभ राजे यांनी त्याला देणगी दिली, असे त्यात नोंदलेले आहे. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत. बाजारात येणाऱ्या मालावरील कोणते देणे मठास जावे याचा तो तपशील आहे. म्हणजे राजा, पंडित आणि बाजारातला साधा विक्रेता अशा तिघांच्या आधाराने आठशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगराच्या पायथ्याशी एक विद्यापीठच चालले होते. आज तेथे रविवारी मोटारी जातात, डबे खाल्ले जातात, धबधबा पाहिला जातो आणि पाच वाजता सर्व परत फिरतात. जवळच पितळखोऱ्याची लेणी आहेत, गौताळ्याचे अभयारण्य आहे. पाहण्यासारखे आहे, थांबण्यासारखे काही आपण ठेवलेले नाही.

परका येणे दूरच; आपलेच निवृत्त लोक गाव सोडतात. याची कारणे मी आळीतील मंडळींना विचारली. मुलगा नाशिकला आहे, मोठे इस्पितळ तेथे आहे, जुन्या घरात जिना चढवत नाही, पाणी दिवसाआड येते. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस डोंगरी आणि तितूर नद्यांना पूर आला तेव्हा नदीकाठच्या घरांत चिखल शिरला; त्यानंतर काहींनी मनच काढून घेतले. ही सर्व कारणे खरी आहेत आणि त्यांना जुन्या वास्तूचे गोडवे गाऊन उत्तर देता येणार नाही. आमच्या शेजारचे एक निवृत्त शिक्षक चार वर्षांपूर्वी नाशिकला सदनिकेत गेले. दर महिन्या-दीड महिन्याने ते बँकेच्या कामाचे निमित्त काढून येतात. काम अर्ध्या तासाचे, मुक्काम तीन दिवसांचा. बसतात आमच्या ओट्यावर. मी त्यांना म्हटले, "सर, तिथे तर बाग आहे, बाके आहेत, ज्येष्ठांचा कट्टा आहे." ते म्हणाले, "आहे रे सगळं. पण तिथं मला कुणी 'सर' म्हणत नाही. वॉचमन 'बी चारशे दोन' म्हणतो."

आमचा वाडा धाब्याचा, पुढे ओटा, आत चौक, सागवानी खांब. आजोबांच्या मागे सहा वारस. कायदा निराळा असला तरी गणित फोंतेन्हासचेच. चौघांच्या मते विकावा, माझे वडील आणि एक आत्या यांच्या मते थांबावे. मागील महिन्यात औरंगाबादकडचा एक लाकूड-व्यापारी येऊन गेला. हल्ली कृषिपर्यटनाची ठिकाणे आणि हॉटेले यांना जुन्या वाड्यांचे खांब, तुळया, कोरीव चौकटी हव्या असतात. भाव चांगला मिळतो. त्याने टेपने खांब मोजले, ठोकून पाहिले, देवडीच्या दाराचे कडी-कोयंडे वहीत लिहून घेतले. वडिलांनी विचारले, "आणि बाकीच्या घराचं काय?" तो म्हणाला, "मातीचं मला काही काम नाही काका. ते तुमचं तुम्ही पाडून घ्या."